पाणी जागच्या जागी, लहर पैलतीरी

मये गावच्या तळ्याकाठी उभे राहून पाण्यात खडा टाकला नाही, असा मुलगा डिचोली महालात सापडणे कठीण. खडा बुडतो, त्या जागेभोवती एक वर्तुळ उमटते, त्याच्यामागून दुसरे, तिसरे निघते, आणि ती सारी वर्तुळे मोठी मोठी होत काठाकडे चालू लागतात. सहलीच्या दिवशी आम्ही हाच खेळ थोडा डोळसपणे खेळलो. खडा टाकण्यापूर्वी आम्ही पाण्यावर आंब्याचे एक वाळलेले पान सोडले आणि त्याच्यापासून दोन हातांवर खडा टाकला. वर्तुळांबरोबर पानही काठाला येऊन लागेल, अशी बहुतेकांची अटकळ होती. पान काठाला आले नाही. एकेक वर्तुळ खालून गेले, की ते वर उचलले जाई, खाली येई, किंचित पुढेमागे होई आणि पुन्हा आपल्या जागी डुलत राही. वर्तुळे मात्र काठावर येऊन फुटली.

ह्या पानाने आम्हांस जे शिकविले, तेच ह्या लेखाचे सूत्र आहे. लहर चालते, पण पाणी चालत नाही. ज्या पाण्यातून लहर जाते ते पाणी आपल्या जागीच वर-खाली होते आणि आपले आंदोलन शेजारच्या पाण्याच्या स्वाधीन करते. शेजारचे पाणी ते पुढच्यास देते. आग विझविण्यासाठी माणसे रांगेत उभी राहून घागरी हातोहात पुढे देतात, तेव्हा माणसे जागची हलत नाहीत, घागर मात्र विहिरीपासून घरापर्यंत पोचते. तसाच हा प्रकार. लहरीतून पुढे जाते ती शक्ती, आणि त्या शक्तीबरोबर जातो तो संदेश. खडा पडल्याची वार्ता काठाला कळते, आणि ती सांगावयास पाण्याचा एक थेंबही तिथवर जात नाही.

लहरीची तीन मापे

कोणतीही लहर ओळखावयाची तर तिची तीन मापे ठाऊक हवीत. एका शिखरापासून पुढच्या शिखरापर्यंतचे अंतर ही तिची तरंगलांबी. एका सेकंदात एखाद्या ठिकाणाहून जितकी शिखरे पुढे जातात, ती तिची कंपसंख्या. ती मोजण्याच्या एककास जर्मन शास्त्रज्ञ हर्ट्झ ह्याचे नाव दिलेले आहे. तिसरे माप वेगाचे. ह्या तिन्हींचा संबंध अगदी सोपा आहे. सेकंदाला पाच शिखरे जात असतील आणि दोन शिखरांत दोन मीटर अंतर असेल, तर लहर सेकंदाला दहा मीटर चालली हे सांगावयास गणिताचे शिक्षक नकोत. तरंगलांबीस कंपसंख्येने गुणले, की वेग येतो. शिखर किती उंच, हे निराळे माप. त्यावरून लहरीच्या अंगी किती बळ आहे ते कळते. लहरीची उंची दुप्पट झाली, की तिच्यातील शक्ती चौपट होते.

एवढी शिदोरी पुढच्या सर्व वाटचालीस पुरेशी आहे.

हरमलचा समुद्र

आता तळे सोडून पेडणे महालात, हरमलच्या किनाऱ्यावर येऊ. येथे खडकाच्या एका बाजूस गोड्या पाण्याचे तळे आणि दुसऱ्या बाजूस अरबी समुद्र आहे. समुद्रावर खडा कोणी टाकीत नाही. तेथे लहरी उठवितो तो वारा. शेकडो कोस दूर, जेथे वादळ घोंघावत असते, तेथे लहर जन्म घेते आणि वारा मागे पडला तरी ती चालतच राहते. आपल्या किनाऱ्यावर स्वच्छ ऊन असताना लाटा उंच येत असल्या, तर त्या अशा परदेशच्या पाहुण्या असतात.

किनाऱ्यावर बसून घड्याळ लावावे आणि एका लाटेपासून पुढची लाट किती सेकंदांनी येते ते मोजावे. ते अंतर दहा सेकंदांचे असेल, तर खोल समुद्रात त्या लहरीची लांबी सुमारे १५६ मीटर असली पाहिजे आणि तिचा वेग ताशी सुमारे ५६ किलोमीटर असला पाहिजे, असे गणित सांगते. म्हणजे रस्त्याने धावणाऱ्या बसगाडीइतका! किनाऱ्याजवळ पाणी उथळ होते, तळाशी लहर अडखळते, तिचा वेग कमी होतो, उंची वाढते, आणि पाण्याची खोली लाटेच्या उंचीच्या सव्वापटीच्या आसपास आली, की ती पुढे झुकून फुटते.

येथे आमच्या सूत्रास एक अपवाद जोडावा लागतो, आणि तो जिवावरचा आहे. लाट फुटली, की पाणी जागच्या जागी राहत नाही. ते खरोखरच वाळूवर येते. आलेले पाणी परत गेलेच पाहिजे, आणि पुष्कळदा ते एखाद्या अरुंद वाटेने, मोठ्या ओढीने समुद्राकडे परतते. ज्या पट्ट्यात लाटा कमी फुटतात आणि पाणी वरून शांत व गढूळ दिसते, तीच ही वाट असू शकते. अनोळखी माणसास ती पोहावयास सोयीची वाटते आणि तेथेच घात होतो. अशा ओढीत कोणी सापडला तर त्याने किनाऱ्याच्या दिशेने ओढीशी झुंजू नये; शक्ती संपते आणि माणूस बुडतो. किनाऱ्याला समांतर, आडवे पोहावे. ही वाट रुंद नसते. तिच्यातून बाजूस निघाले, की लाटाच माणसास किनाऱ्याकडे आणतात. पोहता येत नसेल त्याने अंग सैल सोडून तरंगत राहावे व हात वर करून मदत मागावी. लाल निशाण दिसत असता पाण्यात उतरू नये, हे तर सांगावयास नकोच.

समुद्राच्या लहरींची मोजदाद करण्याचे काम शास्त्रज्ञ कसे करतात? दोनापावल येथे १९६६ साली स्थापन झालेली राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे. तिचे शास्त्रज्ञ समुद्रात नांगरलेले पिवळे गोलाकार तरंगते यंत्र वापरतात. लहर आली की ते वर जाते, गेली की खाली येते, आणि आपली प्रत्येक चढउतार रेडिओ-लहरींच्या द्वारे कळविते. वाचकांच्या लक्षात आलेच असेल, की हे यंत्र म्हणजे मयेच्या तळ्यावरचे आमचे आंब्याचे पानच. फक्त त्याला वाचा फुटलेली आहे. अशा मोजमापांच्या आधारे हैदराबाद येथील भारतीय राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्र कोळीबांधवांस उंच लाटांची आगाऊ सूचना देते.

ह्या केंद्राकडे आणखी एक गंभीर काम आहे. २६ डिसेंबर २००४ रोजी सुमात्रा बेटाजवळ समुद्रतळ भूकंपाने हलला आणि त्सुनामीच्या लहरींनी तामिळनाडूपासून अंदमानपर्यंत हजारो माणसांचे प्राण घेतले. आपला पश्चिम किनारा अशा संकटापासून अगदीच मुक्त आहे असे समजू नये. नोव्हेंबर १९४५ मध्ये मकरानच्या किनाऱ्यावर झालेल्या भूकंपाची त्सुनामी मुंबईपर्यंत पोचली होती. चार हजार मीटर खोल समुद्रात ही लहर ताशी सुमारे सातशे किलोमीटर वेगाने जाते, म्हणजे जवळजवळ विमानाच्या वेगाने. परंतु भूकंपाच्या लहरी जमिनीतून तिच्याहून कितीतरी जलद जातात आणि रेडिओ-लहरी तर त्यांहूनही जलद. एका लहरीपासून वाचण्यासाठी दुसऱ्या दोन लहरी मदतीस घेता येतात. २००७ पासून आपल्या देशात ह्याच तत्त्वावर त्सुनामीची पूर्वसूचना देण्याची व्यवस्था आहे.

घुमटाचा आवाज

समुद्राची लाट डोळ्यांस दिसते. ध्वनीची लहर दिसत नाही. चतुर्थीच्या आरतीत घुमट वाजविणारा गडी मातीच्या भांड्याच्या मोठ्या तोंडावर ताणलेल्या चामड्यावर थाप मारतो. चामडे आत जाते, बाहेर येते. ते बाहेर आले, की पुढची हवा दाबली जाते. आत गेले, की विरळ होते. हा दाब आणि ही विरळता शेजारच्या हवेस आणि तिच्या शेजारच्या हवेस मिळत जाते, आणि ओसरीवर बसलेल्या आजोबांच्या कानाच्या पडद्यास येऊन भिडते. घुमटाजवळची हवा आजोबांच्या कानात गेलेली नसते; केवळ थाप गेलेली असते. वाजविणारा दुसऱ्या हाताने घुमटाचे लहान तोंड झाकतो, उघडतो. त्यामुळे आतील हवेची डुलण्याची लय बदलते आणि नाद बदलतो. मातीच्या भांड्यातील ही हवा चामड्याशी सूर जुळवून नाद मोठा करते, ह्यास अनुनाद म्हणतात. २०१९ साली घुमटास गोव्याच्या वारसा-वाद्याचा मान मिळाला. पूर्वी त्यासाठी घोरपडीचे चामडे वापरीत; त्या प्राण्यास आता कायद्याचे संरक्षण असल्याने बकऱ्याचे चामडे लावतात, आणि तेही उत्तम बोलते.

हवेत ध्वनी सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. प्रकाशाचा वेग सेकंदाला सुमारे तीन लक्ष किलोमीटर आहे. म्हणून दूरच्या दगडाच्या खाणीत सुरुंग उडाला, की धूळ आधी दिसते आणि आवाज मागाहून येतो. विजेचेही तसेच. चमक दिसल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत सेकंद मोजावेत आणि त्यांस तिनाने भागावे. वीज किती किलोमीटरांवर पडली ते अदमासे कळते. तीस सेकंदांच्या आत गडगडाट आला, तर वीज दहा किलोमीटरांच्या टप्प्यात आहे. अशा वेळी शेत, मैदान आणि एकाकी झाड सोडून पक्क्या घरात जावे.

मनुष्याचा कान सेकंदाला वीस ते वीस हजार कंपांपर्यंतचा ध्वनी ऐकतो. त्याहून अधिक कंपांचा ध्वनी आपणांस ऐकू येत नाही, पण वटवाघुळास येतो. काळोखात ते असा ध्वनी सोडते आणि त्याचा प्रतिध्वनी ऐकून भिंत कोठे आणि कीटक कोठे, हे ताडते. माणसाने हीच युक्ती घेतली. मासेमारीच्या ट्रॉलरच्या तळाशी बसविलेले यंत्र पाण्यात ध्वनी सोडते. पाण्यात ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे दीड हजार मीटर असतो. प्रतिध्वनी सेकंदाच्या दहाव्या हिश्शात परत आला, तर ध्वनीने जाऊन-येऊन दीडशे मीटर काटले, म्हणजे तळ पंचाहत्तर मीटर खोल आहे. मध्येच माशांचा थवा असेल, तर त्याचा प्रतिध्वनी तळाच्या आधी येतो.

इस्पितळातील सोनोग्राफी हेच करते. सेकंदाला काही दशलक्ष कंपांचा ध्वनी शरीरात जातो, प्रत्येक अवयवाच्या सीमेवरून थोडा थोडा परततो, आणि त्या प्रतिध्वनींचे चित्र होते. शस्त्र न लावता पोटातील खडा दिसतो आणि गर्भाच्या हृदयाचे स्पंदन दिसते. ह्याच यंत्राने गर्भ मुलीचा आहे असे पाहून तो नाहीसा करण्याचे पाप आपल्या देशात घडले, आणि ते थांबविण्यासाठी १९९४ साली कायदा करावा लागला. लहर निर्दोष असते. तिच्या हाती आपण काय देतो, हे आपल्यावर आहे.

ज्या लहरीस पाणीही लागत नाही, हवाही लागत नाही

१८६५ साली मॅक्सवेल ह्या स्कॉटिश शास्त्रज्ञाने गणिताने असे दाखविले, की विद्युत् आणि चुंबकत्व ह्यांचीही एक लहर असली पाहिजे, तिला कोणत्याही माध्यमाची गरज नसावी, आणि तिचा वेग प्रकाशाइतकाच असावा. किंबहुना प्रकाश हीच अशी एक लहर आहे. हर्ट्झने १८८७ च्या सुमारास अशा लहरी प्रत्यक्ष उत्पन्न केल्या. १८९५ साली आपल्या जगदीशचंद्र बोसांनी कलकत्त्यात अशा लहरींनी, मध्ये कोणतीही तार न ठेवता, दूरची घंटा वाजवून दाखविली आणि दारू पेटवून दाखविली. डिसेंबर १९०१ मध्ये मार्कोनीने अटलांटिक महासागरापलीकडे संदेश पोचविला.

ह्या विद्युच्चुंबकीय लहरींचे कुटुंब मोठे आहे. सर्वांचा वेग एक, भेद केवळ तरंगलांबीचा. जुन्या नभोवाणीच्या लहरी दहा-वीस मीटरांपासून शेकडो मीटरांपर्यंत लांब असतात. मोबाइल फोनच्या लहरी वीतभर. रडारच्या आणखी आखूड, काही सेंटिमीटरांच्या. उष्णतेच्या त्याहून आखूड. दृश्य प्रकाशाची लांबी मिलिमीटरच्या सुमारे दोन हजाराव्या भागाइतकी, आणि क्ष-किरणांची तर अणूच्या आकाराइतकी. कंपसंख्या ठाऊक असली, की लांबी काढता येते. दशलक्ष कंपांस एक मेगाहर्ट्झ म्हणतात. एक मेगाहर्ट्झवर नभोवाणी केंद्र असेल, तर त्याची लहर तीनशे मीटरांची. शंभर मेगाहर्ट्झवर असेल, तर तीन मीटरांची.

परंतु ह्या लहरीवर आवाज कसा बसतो? ध्वनिग्राहकासमोर माणूस बोलतो, त्याच्या ध्वनिलहरींचे विद्युत्प्रवाहाच्या चढउतारांत रूपांतर होते, आणि ते चढउतार रेडिओ-लहरीवर चढविले जातात. अशा लहरीस वाहक लहर म्हणतात. उतारू फेरीबोटीत बसून नदी ओलांडतो आणि पैलतीरी उतरतो, तसा आवाज वाहक लहरीवर बसून येतो आणि आपल्या घरच्या यंत्रात उतरतो.

अंबोलीच्या रानातील आवाज

लहरीचे हे सामर्थ्य काय करू शकते, हे गोमंतकाने स्वतः पाहिले आहे. १५ ऑगस्ट १९५५ रोजी पेडणे महालातील पत्रादेवीच्या सीमेवर निःशस्त्र सत्याग्रहींवर पोर्तुगीजांनी गोळ्या झाडल्या. कर्नैलसिंग बेनिपाल हा पंजाबचा तरुण तेथेच हुतात्मा झाला. त्यानंतर सीमा जवळजवळ बंद झाली. आतील वृत्तपत्रांवर सरकारची कडक तपासणी होती. पणजीत १९४६ पासून चाललेले नभोवाणी केंद्र राज्यकर्त्यांच्या हाती होते. माणूस सीमा ओलांडू शकत नव्हता, छापील कागदही ओलांडू शकत नव्हता.

लहर ओलांडू शकत होती. २५ नोव्हेंबर १९५५ रोजी सावंतवाडी भागातील अंबोलीच्या रानातून एक गुप्त नभोवाणी केंद्र बोलू लागले. दादरा-नगरहवेली १९५४ साली मुक्त झाली, तेव्हा पोर्तुगीजांकडून हाती आलेल्या बिनतारी संचांतून त्याचा प्रक्षेपक सिद्ध केला होता आणि तो एका मालमोटारीत ठेवला होता. वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो ही दोन तरुण माणसे ते केंद्र चालवीत होती. कोंकणी आणि पोर्तुगीज अशा दोन्ही भाषांतून बातम्या जात. जगात कोणकोणत्या वसाहती स्वतंत्र होत आहेत, दिल्लीच्या संसदेत गोव्याविषयी काय बोलले गेले, हे गोव्यातील माणसास घराची कवाडे लावून, आवाज लहान करून ऐकता येऊ लागले. पुढे केंद्राची जागा बदलली, पण आवाज थांबला नाही. रानातील पाऊस, जळवा, साप आणि एकांतवास सोसून सहा वर्षे हे काम चालले.

डिसेंबर १९६१ मध्ये भारतीय सेनेने पाऊल उचलले. १८ डिसेंबरला वायुदलाच्या हंटर विमानांनी बांबोळीचे बिनतारी केंद्र निकामी केले. शत्रूचा आवाज बंद करणे ही युद्धाची पहिल्या दिवसाची गरज होती, ह्यावरून लहरींचे मोल कळावे. १९ डिसेंबरला गोवा मुक्त झाला, आणि वामन सरदेसाई व लिबिया लोबो ह्यांनी विमानातून ध्वनिवर्धकावर ती वार्ता खाली गोमंतकीयांस सांगितली. सहा वर्षे ज्यांचा आवाज लहरीवर बसून लपतछपत येत होता, त्यांचा आवाज त्या दिवशी उघड्या आभाळातून आला. पुढे ती दोघे विवाहबद्ध झाली. लिबियाबाईंनी वयाची शंभर वर्षे पूर्ण केल्यानंतर, २०२५ साली, त्यांस पद्मश्री जाहीर झाली.

टेकडीआडची मुले

आता एक प्रश्न विचारू. अंबोलीच्या रानातून सह्याद्रीचे डोंगर ओलांडून सत्तर वर्षांपूर्वी आवाज येत होता. मग २०२० च्या टाळेबंदीत शाळा मोबाइल फोनवर भरू लागल्या, तेव्हा गोव्याच्या डोंगराळ गावांतील मुलांस पुस्तके घेऊन टेकडीवर जाऊन का बसावे लागले? पाऊस येत असता छत्री धरून, झाडाखाली चटई टाकून मुले धडा ऐकत होती, आणि घरी उतरली की धडा तुटत होता. यंत्रे तर पूर्वीपेक्षा कितीतरी सुधारलेली!

उत्तर तरंगलांबीत आहे. देवळाच्या भिंतीमागे उभे राहिले तरी आरती ऐकू येते, पण समईची ज्योत दिसत नाही. ध्वनी भिंतीच्या कडेवरून वळून येतो, प्रकाश येत नाही. ध्वनीची लहर हातभर, वावभर लांब असते. भिंतीसारखा अडथळा तिला फार मोठा नाही. प्रकाशाची लहर इतकी आखूड, की तिच्यापुढे भिंत म्हणजे पर्वतच. लहर आपल्या लांबीच्या मानाने लहान अडथळ्यास सहज वळसा घालते. मोठ्या अडथळ्याच्या मागे तिची सावली पडते. नभोवाणीची शेकडो मीटरांची लहर डोंगरास वळसा घालू शकते. त्याहून आखूड, दहा-वीस मीटरांची लहर आकाशात उंचावर असलेल्या विद्युद्भारित हवेच्या थरावरून परावर्तित होऊन पुन्हा खाली येते आणि डोंगर असूनही पैलाड उतरते. मोबाइलची लहर नऊशे मेगाहर्ट्झची असेल, तर तिची लांबी अवघी तेहतीस सेंटिमीटर. तिला टेकडी म्हणजे भिंत. मनोरा एका बाजूस आणि गाव दुसऱ्या बाजूस असला, की गाव सावलीत सापडतो.

मग आखूड लहरी वापराव्यात तरी का? कारण त्यांवर पुष्कळ माहिती चढविता येते. लांब लहर दूर जाते, पण तिच्यावर एक आवाज कसाबसा बसतो. आखूड लहरीवर चित्रे, ग्रंथ, हजारो माणसांची बोलणी एकदम बसतात. प्रकाशाची लहर तर सर्वांहून आखूड. म्हणून आज केसासारख्या बारीक काचेच्या तंतूतून प्रकाश सोडून देशोदेशींची बोलणी समुद्राच्या तळातून नेली जातात. टेकडीआडच्या गावासही असा तंतू पोचला, की सावलीचा प्रश्न उरत नाही. तो कोठवर पोचला, कोणत्या वाडीच्या आधी थांबला, हे विज्ञान ठरवीत नाही; ते आपण माणसे ठरवितो. टेकडीवर बसलेल्या मुलाचा दोष नव्हता आणि लहरीचाही नव्हता.

वादळाची चाहूल

पेडणे स्थानकावरून कोंकण रेल्वेची एखादी गाडी न थांबता शिटी वाजवीत जाते, तेव्हा कान देऊन ऐकावे. गाडी जवळ येत असता शिटीचा स्वर चढा असतो. ती पुढे गेली की स्वर एकदम उतरतो. येणाऱ्या गाडीच्या लहरी दाटीने येतात, जाणाऱ्या गाडीच्या लहरी विरळ होतात. ह्यास डॉप्लर परिणाम म्हणतात. हवामानाचे रडार ह्याचाच उपयोग करते. ते रेडिओ-लहर सोडते; ती पावसाच्या थेंबांवर आपटून परतते. दीडशे किलोमीटरांवरच्या ढगावरून लहर जाऊन परत येण्यास सेकंदाचा हजारावा भाग लागतो. किती वेळात परतली, ह्यावरून ढगाचे अंतर कळते. किती बळाने परतली, ह्यावरून पावसाचा जोर. आणि कंपसंख्येत किती फरक पडला, ह्यावरून वारा आपल्याकडे येतो आहे की दूर जातो आहे. पणजीतही हवामान खात्याचे असे रडार आहे. १६ मे २०२१ च्या सुमारास तौक्ते चक्रीवादळ गोव्याच्या किनाऱ्यालगत आले. झाडे उन्मळली, घरे मोडली, गावेच्या गावे अंधारात बुडाली. पण वादळ येत आहे हे आधीच ठाऊक होते आणि होड्या समुद्रातून बोलावून घेता आल्या. ज्या काळी केवळ आभाळाचा रंग पाहून तांडेल नाव लोटीत असे, त्या काळी अशा वादळाने किती घरांतील कर्ते पुरुष नेले असतील, ह्याची कल्पना कोळीवाड्यातील वडीलधाऱ्या माणसांस विचारावी.

दूरच्या लहरींचा शोध माणसाने येथेही थांबविला नाही. पुणे जिल्ह्यात नारायणगावाजवळ खोडद येथे प्रत्येकी पंचेचाळीस मीटर व्यासाच्या तीस तबकड्या आकाशाकडे तोंड करून उभ्या आहेत. गोविंद स्वरूप ह्यांच्या नेतृत्वाखाली ती महाकाय रेडिओ-दुर्बीण उभी राहिली. कोट्यवधी वर्षांपूर्वी दूरच्या दीर्घिकांतून निघालेल्या रेडिओ-लहरी तेथे टिपल्या जातात. त्या लहरी ज्या ताऱ्यांच्या परिसरातून निघाल्या, त्यांतील कित्येक तारे आज असतीलच असे नाही. त्यांची वार्ता मात्र वाटेत कोठेही न थांबता चालत आली.

असो. एवढ्या लांबच्या प्रवासानंतर आम्ही पुन्हा मयेच्या तळ्याकाठी येतो. वाचकांनी पुढच्या सुट्टीत तेथे जावे, पाण्यावर एक पान सोडावे आणि खडा टाकावा. धाकट्या भावंडास आधी विचारावे, की पान कोठे जाईल? त्याने उत्तर दिल्यावर मग खडा टाकावा. पान जागच्या जागी डुलेल, वर्तुळे काठाला लागतील, आणि त्या लहानग्याच्या चेहऱ्यावर जो प्रश्न उमटेल, तेथून विज्ञानाचा अभ्यास सुरू होतो. आमचाही तेथूनच झाला.